मशीनने न घेतलेलं नाव

पिक्चर तयार झाला की संपलं, असं मी समजत होतो. शूटिंग झाली, कापाकापी झाली, गाणी बसली, शेवटी नावांच्या पाट्या लागल्या. आता फक्त टॉकीजमध्ये नेऊन लावायचा. मी डीव्हीडी घेऊन भंडाऱ्याला गेलो. तिच्यासाठी सुनेकडून नवी पिशवी शिवून घेतली होती. टॉकीजच्या मालकानं ती पिशवी हातातही घेतली नाही. म्हणाला, बाबाजी, हे घरी टीव्हीवर पाहा, इथं डीसीपी लागते.

डीसीपी म्हणजे पोलिसांतला मोठा साहेब, एवढंच मला ठाऊक. मी विचारलं, पिक्चर लावायला पोलिस कायले पाहिजे? मालक हसला, बाजूला उभा असलेला त्याचा ऑपरेटर हसला. मी नाही हसलो. मग त्यांनी मला खुर्ची दिली आणि समजावलं. रिळांचा जमाना गेला. आता वर खोलीत कॉम्प्युटरसारखी एक मशीन बसवली आहे आणि ती मशीन एकाच पद्धतीनं बांधलेला पिक्चर घेते. चित्राची फाइल वेगळी, आवाजाची वेगळी, आणि कोणती फाइल कुठं आहे हे सांगणारी आणखी एक, असं सगळं हार्ड डिस्कमध्ये घालून आणायचं. त्या गाठोड्याला डीसीपी म्हणतात. ज्यानं पिक्चर कापला तोच करून देईल. रविवारी सकाळचा एक खेळ तुम्हाला देतो, पण बाराला माझा रोजचा खेळ आहे, त्याच्या आत हॉल मोकळा पाहिजे. हा रविवार हुकला तर सुट्ट्या लागतात, मोठे पिक्चर येतात, मग दिवाळीपर्यंत विचारू नका.

मी हो म्हटलं. माझ्या तीन इयत्ता झाल्या आहेत. तेवढ्यावर मी आयुष्यभर लोकांना हो म्हणत आलो आणि करून दाखवत आलो.

आता हा पिक्चर कायले काढला ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणारा म्हणेल म्हाताऱ्याला हौस आली होती.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी, पवनी तालुक्यात. नाव इथं लिहीत नाही. लहानसं गाव. धरणाचं पाणी वर सरकत आलं आणि गाव उठलं. अर्धे लोक एका नव्या वस्तीत गेले, अर्धे दुसऱ्या. दोन्हीकडे शेजारच्या मोठ्या गावांचे लोक जास्त होते, म्हणून वस्त्यांना नावं त्यांची लागली. आमचं नाव कोणी मुद्दाम पुसलं असं मी म्हणत नाही. लहान होतं, राहून गेलं. जिल्हा तुटून गोंदिया वेगळं झालं तेव्हा चावडीवर आम्ही किती बोंबललो होतो, पण तेव्हा दोन्ही नावं जिवंत तर राहिली. गोंदिया गोंदियाच, भंडारा भंडाराच. आमचं एसटीच्या पाटीवरूनही गेलं. आता कंडक्टरला गावाचं नाव सांगितलं की तो नवा पोरगा विचारते, हे कोणीकडे आलं जी?

गाव उठायच्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही शूटिंग केली. मी गावच्या दंडारीत काम करणारा माणूस. दंडार म्हणजे आमच्याकडचा रातभर चालणारा खेळ, नाच, सोंगं, गाणी, सगळं त्यात. दोन भाऊ आणि त्यांच्या शेतातली बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं, अशी आमची एक जुनी गोष्ट होती. तिचाच पिक्चर केला. मोठा भाऊ मी. बाकी सगळे गावचेच. कॅमेरा धरणारा पण गावचाच, चाळिशीचा माणूस, पवनीला त्याचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. मला तो काकाजी म्हणतो. त्याला मी बजावलं होतं की गोष्टीत असो नसो, प्रत्येक घर आलं पाहिजे.

माझ्या बायकोनं पिक्चरमध्ये काम करायला साफ नकार दिला होता. म्हणाली, या वयात मी तोंडाले पावडर लावू काय. पण हा कॅमेरा घेऊन आमच्या आंगणात शिरला तेव्हा ती सारवत होती. तिनं त्याला असं हाकललं की विचारू नका. त्यानं ते तसंच ठेवलं.

घर सोडायच्या दिवशी ती उठेना. ट्रक भरून उभा होता. भांडी गेली, धानाच्या कोठ्या गेल्या, कवेलू उतरवायला माणसं छपरावर चढली, आणि ही आत चुलीजवळ बसलेली. रडणं नाही, भांडण नाही. लेकानं हात जोडले, सुनेनं पाय धरले. छपरावरचे लोक थांबले. शेवटी मी तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, हे घर मी तुले टॉकीजच्या पडद्यावर दाखवीन, कवेलू लागलेलं, सारवलेलं, जसंच्या तसं.

"खरंच म्हणता?"

"मी तुले कधी खोटं बोललो का वो?"

ती उठली आणि ट्रकमध्ये जाऊन बसली. मागं पाहिलं नाही.

त्यानंतर नव्या घरात तिनं काही मागितलं नाही. फरशी आली, नळ आला, ती काही बोलली नाही. भांडणारी बाई होती ती. माझ्याशी भांडल्याशिवाय तिचा दिवस जात नव्हता. ती आता मी काहीही म्हटलं तर हो म्हणायची. पिक्चरचं काय झालं हेही विचारत नव्हती. कापाकापीत वर्षं गेली, कारण स्टुडिओवाल्याला लग्नाच्या हंगामात वेळ नाही आणि हंगाम संपला की पैसा नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही विचारलं. मला वाटायचं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तर मी भंडाऱ्याहून थेट पवनीला उतरलो आणि स्टुडिओत जाऊन सांगितलं, डीसीपी कर. तो म्हणाला, काकाजी, मी आजवर केली नाही, पण नागपूरचा एक ओळखीचा आहे, त्याला विचारून करतो. मी म्हटलं, विचार नाहीतर शिक, रविवार आला.

त्या आठवड्यातलं ऊन काही सांगू नका. स्टुडिओ म्हणजे एक शटर, मागं एक खोली, खोलीत कॉम्प्युटर आणि कूलर. कॉम्प्युटरवर एक पट्टी यायची, डावीकडून उजवीकडे भरत जायची. ती सगळी भरली की पिक्चर बांधून झाला. मी स्टूल घेऊन तिच्यासमोर बसलो. धानाच्या बांधीत पाणी भरताना माणूस बांधावर बसते ना, तसा. पण पाणी डोळ्याला दिसते. ही पट्टी भरते की नाही तेच समजेना. जेवून आलो की तेवढीच.

पहिल्या खेपेला पट्टी शेवटाशी आली आणि लाइन गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तग धरून होता, पण लाइन काही परत येईना आणि इन्व्हर्टरनं मान टाकली. मी विचारलं, जेवढं झालं तेवढं तर राहिलं असेल? तो म्हणाला, नाही काकाजी, पहिल्यापासून. मी त्याला म्हटलं, अर्धी रोवणी झाली आणि पाऊस गेला तर अर्धी रोवणी राहते का नाही? तो म्हणाला, हे रोवणीसारखं नाही.

दुसऱ्या खेपेला पट्टी चालू असताना मी बाजूच्या टीव्हीवर पिक्चर पाहत होतो आणि मला आमचेच लोक ओळखू येईनात. सगळे गोरे. माझा धाकटा भाऊ झालेला माणूस जन्माचा काळा, तो पिठात लोळून आल्यासारखा. विचारलं तर म्हणाला, एवढं तर करावंच लागते, लग्नात सवय आहे, नवरी सावळी दिसली की घरचे अल्बम परत आणतात. मी म्हटलं, माझ्या गावात एवढे गोरे लोक कधीच नव्हते, हे कोण आणून बसवले? तो म्हणाला, आता वेळ नाही, राहू द्या. मी उठलो आणि पट्टी बंद करायला लावली. त्यानं सगळे चेहरे परत आपल्या रंगावर आणले. एक दिवस त्यात गेला. गेला तर गेला.

पण तेव्हापासून मला भीती वाटू लागली. आधी मी रागावत होतो, रागात माणूस बरा राहते. आता बायकोसमोर जेवायला बसायचं मी टाळू लागलो. दोन्ही वस्त्यांत सांगणं झालं होतं. टेम्पो ठरले होते. बायका नवी लुगडी काढून ठेवत होत्या. आणि ही माझी, तिला सुनेनं सांगितलं की रविवारी भंडाऱ्याला जायचं आहे, तर नुसतं बरं म्हणाली आणि भांडी घासायला गेली. पण दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिनं चपलेचा तुटलेला अंगठा शिवून आणला होता.

मग एकदाची पट्टी भरली. त्यानं ती बांधलेली फाइल उघडून दाखवली. सगळं हिरवट. माणसं हिरवी, बैल हिरवे, आमच्या घराची पांढरी भिंत शेवाळलेल्या विहिरीसारखी. स्टुडिओवाला खाली बसला. म्हणाला, काकाजी, माझ्यानं होत नाही. तोही गावचाच. त्याचंही घर त्यात होतं. मी त्याला उठवलं नाही, मीच त्याच्याशेजारी खाली बसलो.

नागपूरच्या माणसाला फोन लागला तेव्हा तो म्हणाला, हात लावू नका, असंच दिसते. टॉकीजची मशीन रंग आपल्या पद्धतीनं वाचते, तिथं बरोबर दिसेल. आता जे डोळ्याला खोटं दिसून राहिलं ते तिथं खरं दिसेल, हे मानायचं कसं? पण दुसरा रस्ता नव्हता. देवळात मी कमी जातो. त्या संध्याकाळी नदीच्या घाटावर जाऊन पाण्याला हात जोडले. ज्या पाण्यानं गाव नेलं त्याच पाण्याला. दुसरं कोणाला जोडणार.

शनिवारी दिवस मावळताना हार्ड डिस्क तयार झाली. स्टुडिओवाल्यानं आत काय काय आहे ते दाखवलं. चित्राची फाइल होती तिचं नाव मी पाहिलं, तर एबीसीडी आणि आकडे, मालगाडीसारखी लांब रांग. मी विचारलं, हे काय? म्हणाला, मशीन आपल्या मनानं नाव देते. नव्या वस्तीत माझ्या घराच्या भिंतीवरही असाच एक नंबर आहे, तो मला आठवला, एवढंच. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मग त्यानं ती मालगाडी पुसली आणि तिथं आमच्या गावाचं नाव लिहिलं. इंग्रजीत, पण ते एक नाव मला इंग्रजीतही वाचता येते, जुन्या पाटीवर होतं.

"काकाजी, आता बरं वाटून राहिलं ना?"

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो डोळे पुसत कूलरमागं गेला.

रविवारी पहिल्या एसटीनं मी आणि स्टुडिओवाला भंडाऱ्याला निघालो. डिस्क मी दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर धरली होती. वर रॅकवर ठेवू दिली नाही. टॉकीजचं मोठं दार बंद होतं, बाजूच्या जिन्यानं वर गेलो. ऑपरेटर चहा पीत होता. माणूस चांगला. त्यानं डिस्क लावली, मशीननं ती घेतली, पिक्चरचं नाव दिसलं, आणि खाली लाल अक्षरं आली. तो म्हणाला, आवाज सापडते, चित्र सापडत नाही.

मी म्हटलं, सापडत नाही म्हणजे? डिस्क तर तुझ्यासमोर आहे.

तार बदलली. दुसऱ्या भोकात लावून पाहिली. मशीन बंद करून चालू केली. ती उठायला इतका वेळ घेते की तेवढ्यात माणूस आंघोळ करून येईल. परत लाल. नागपूरवाल्याला फोन लावला तर रविवारची सकाळ, तो उचलेना. खालून टेम्पोंचा आवाज आला. मी लहान खिडकीतून पाहिलं. आमचे लोक हॉलमध्ये शिरत होते. दोन वस्त्यांचे लोक किती दिवसांनी एका छपराखाली आले होते, खुर्च्यांवरून एकमेकांना हाका मारत होते. माझी बायको मधल्या रांगेत बसली. पडदा अजून पांढरा होता आणि ती त्याच्याकडेच पाहत होती.

ऑपरेटरनं परत लावलं. परत लाल. खाली शिट्ट्या सुरू झाल्या. माझ्या नावानं कोणीतरी ओरडलं की म्हाताऱ्या, लाव ना गा, का मुहूर्त पाहून राहिला. स्टुडिओवाल्याच्या कपाळावरून घाम टपकत होता. मी उभाच राहिलो. बसलो असतो तर त्यांनी मला पाणी दिलं असतं. ते मला नको होतं.

नागपूरवाल्यानं आपण होऊन फोन केला तेव्हा नऊ कधीच वाजून गेले होते. त्यानं एकच विचारलं, आतल्या कोण्या फाइलीचं नाव बदललं काय? स्टुडिओवाल्याचं तोंड उतरलं. फोन ठेवून त्यानं आमच्याकडे न पाहता सांगितलं की कोणती फाइल कुठं ते सांगणारी जी यादी आहे, तिच्यात जुना नंबर आहे, मशीन तो नंबर शोधते, तो तिला मिळत नाही.

ऑपरेटरनं सुटकेचा श्वास टाकला. म्हणाला, एवढंच ना, यादीतून पाहून जुनं नाव टाका परत, झालं. स्टुडिओवाल्यानं लॅपटॉप काढला, डिस्क जोडली, बोट ठेवलं, आणि मी त्याचं मनगट धरलं.

"गावाचं नाव पुसायचं नाही."

ऑपरेटर म्हणाला, "बाबाजी, पुसत नाही जी. पिक्चर तोच आहे, आतमध्ये गाव तेच आहे. वरचा नंबर फक्त."

"आतमध्ये गाव आहे तर वर नाव काहून चालत नाही?"

"मशीनले नंबर समजते, बाबाजी. तिले गाव समजत नाही."

हे त्यानं सरळ मनानं सांगितलं. पण गाव उठलं त्या वर्षांत हे वाक्य मी सरकारी कचेऱ्यांच्या इतक्या खिडक्यांवर ऐकलं होतं की माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मग समजू नको म्हणा तिला. मी मनगट सोडलं नाही. स्टुडिओवाला मला समजावत राहिला, ऑपरेटर घड्याळ दाखवत राहिला. मालक वर येऊन गेला, म्हणाला, तुमचा वेळ तुम्हीच खाऊन राहिले, मला काय. सगळे बरोबर बोलत होते. मीही बरोबर होतो. आजही मला विचाराल तर मी म्हणेन की ते नाव तिथं असायला पाहिजे होतं.

किती वेळ गेला देव जाणे. जिन्यावर कोणाचा तरी धापा टाकण्याचा आवाज आला, आणि बायको दारात उभी. तिचे गुडघे धरलेले असतात, ती घरची एक पायरीही चढत नाही. चौकटीला टेकून तिनं आधी श्वास घेतला.

"किती वर बसवलं जी तुमाले. खाली लेकरं खुर्चीत मुतून राहिले. काय झालं?"

स्टुडिओवाल्यानं सांगितलं. तिला कितपत समजलं माहीत नाही. तिनं मशीनकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं.

"नाव मले ठाऊक आहे, तुमाले ठाऊक आहे. या डब्ब्याले कायले सांगता?"

मी म्हटलं, तुला नाही समजत.

"नाही समजत, बाप्पा. मले घर दाखवतो म्हणलं होतं तुमी. नाव दाखवतो नव्हतं म्हणलं."

इतक्या वर्षांनी ती माझ्याशी भांडली. त्याचा आनंद करावा की काय करावं, मला काही सुचेना. ती म्हणाली, मी खाली जाऊन बसतो, दाखवायचं असंन तर दाखवा, नाहीतर तसं सांगा, मी टेम्पोत जाऊन बसतो. आणि भिंत धरून एकेक पायरी उतरू लागली.

मी हात काढून घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं. मागं बटणं वाजली. मी वळून पाहिलं नाही.

या वेळी मशीननं सगळं घेतलं. पण घ्यायलाही तिला वेळ लागते, परत तीच भरत जाणारी पट्टी. ती भरली तेव्हा ऑपरेटर म्हणाला, बाबाजी, अकरा होऊन गेले. तुमचा पिक्चर दोन तासांचा. बाराला मालक बंद करतील म्हणजे करतीलच. मधून लावता येते. कुठून लावू?

पिक्चरच्या पहिल्या भागात बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोठा भाऊ बोलते. ते माझं काम. दंडारीत माझ्या त्या बोलण्याला लोक उठून उभे राहत. कॅमेऱ्यासमोर ते मी जितकं चांगलं केलं तितकं कधीच केलं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि स्टुडिओवाल्यालाही. तो माझ्याकडे पाहत होता. बायकोचं आंगण त्याच्या फार पुढं होतं. पहिल्यापासून लावला असता तर बारापर्यंत ते आलं नसतं.

मी म्हटलं, आंगणाच्या थोडं आधीपासून लाव.

मी खाली जाऊन तिच्या शेजारी बसलो. दिवे गेले. पडद्यावर उजेड आला आणि पहिली गोष्ट मी पाहिली ती म्हणजे रंग. नागपूरवाला खरं बोलला होता. गेरू गेरूसारखा, शेण शेणासारखं, काळे लोक काळे. गोष्ट कुठून सुरू झाली हे कोणी विचारलं नाही. गोष्टीकडे कोणाचं लक्षच नव्हतं. कॅमेरा गल्लीतून चालला आणि लोक अंधारात बोलू लागले. हे माझं. तो आमचा गोठा. अरे, तो बुढा जिवंत होता तेव्हा. एक जण म्हणाला, माझ्या घरासमोर बैल काहून उभा केला बे, घर झाकलं ना. त्यावर सगळे हसले आणि हसता हसता मागं कोणीतरी हुंदका दिला.

मग आमचं आंगण आलं. भिंतीएवढं नाही, देवळाएवढं. बायको पाठमोरी, ओणवी, हात शेणात. ती वळली आणि साऱ्या हॉलमध्ये तिचा आवाज घुमला की निघा अठून, ओलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मागच्या बायकांनी तिच्या खांद्याला हात लावला. ती हसली नाही. समोरच्या खुर्चीची पाठ तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"मागचं दार उघडं आहे," ती म्हणाली.

"कोणतं?"

"आपलं. पाहा ना जी. मागचं दार उघडं राहिलं. कुत्रं जाईल आत."

मी पाहिलं. आंगणातून घराच्या आरपार मागचं दार दिसत होतं, उघडं. त्यात मला नुसता नदीचा उजेड दिसला. मी म्हटलं, आता कुठलं कुत्रं जाते. पडद्यावरून घर गेलं, भावाभावांचं भांडण सुरू झालं, पण ती मान एका बाजूला करून पाहत राहिली, जसं काही पडद्याच्या कडेला सरकून पाहिलं तर ते दार अजून दिसेल.

दोघं भाऊ बोडीवर समोरासमोर आले आणि पडदा पांढरा झाला. दिवे लागले. बारा वाजले होते. बाहेर पुढच्या खेळाचे लोक दारावर थापा मारत होते. आमचे लोक उठले, डोळे पुसत, खुर्च्या आपटत, एकमेकांना पत्ते विचारत निघाले. ही उठेना. हॉल झाडणारी बाई आमच्या रांगेपर्यंत आली आणि थांबली. मी बाजूला उभा होतो.

स्टुडिओवाला डिस्क दुपट्ट्यात गुंडाळून वरून उतरला. तो जवळ आला तेव्हा तिनं त्याचा शर्ट धरला.

"पुढच्या खेपेले शूटिंग घेशील ना बाबू, तर दार लावून घेजो. मागचं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"हो काकी," तो म्हणाला. "लावून घेतो."

तेव्हा ती समोरची खुर्ची धरून उठली, आणि आम्ही बाहेर उन्हात टेम्पोकडे निघालो.